चूक कुणाची? जाहिरात खात्याच्या फेरफार वहीला विचारू या

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार. संध्याकाळी विठ्ठलवाडीला उतरले आणि मोबाइल बघितला तर मामाचे तीन मिस्ड कॉल. परत फोन केला तर म्हणाला, "घरी जाऊ नकोस, आधी दुकानात ये. तुझ्या त्या आकड्यांचं काम आहे."

मामाचं कॅम्प ४ मध्ये लालचक्कीच्या बाजूला सोफा दुरुस्तीचं दुकान आहे. फोम बदलायचा, कापड बदलायचं, मोडलेला पाय बसवून द्यायचा, अशी कामं. गिऱ्हाइकं उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरची. काही ओळखीतून थेट दुकानात येतात, बाकीची गूगलवरच्या जाहिरातीतून फोन करतात. दुकानात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा अर्धा दिवस काम करतो. बिलं, व्हॉट्सॲप आणि जाहिरातीचं खातं तो सांभाळतो. त्याची कॉलेजची फी या पगारातूनच जाते.

मी पोचले तेव्हा तो बाहेर पायरीवर बसला होता. मामानं त्याला सांगून टाकलं होतं, "उद्यापासून येऊ नकोस."

मामाचा आरोप अगदी सरळ होता. "यानं पाच तारखेला खात्यात काहीतरी केलं. त्या आठवड्यात कॉल निम्म्यावर आले. आणि पैसे मात्र पाण्यासारखे चाललेत." मुलाचं म्हणणं एवढंच, "शेठ, मी फक्त फालतू शब्द काढले. पैशाला हात नाही लावला."

माझी पीएचडी संख्याशास्त्रात चालू आहे. विषय थोडक्यात असा: एखाद्या चालू व्यवस्थेत कुणी बदल केला आणि नंतर आकडे हलले, तर ते त्या बदलामुळेच हलले का, हे कसं ओळखायचं? गेली तीन वर्षं मी हे कॉम्प्युटरवर करतेय. त्या संध्याकाळी पहिल्यांदा एका माणसाची नोकरी त्यावर अवलंबून होती. म्हणून हा लेख. (मामाच्या सांगण्यावरून खालचे रुपये आणि कॉल थोडे गोल केले आहेत.)

सातबारा आणि फेरफार

गूगलवर जाहिरात देण्याची सोय २००० साली ‘ॲडवर्ड्स’ या नावानं सुरू झाली. २०१८ पासून तिचं नाव ‘गूगल ॲड्स’ आहे. तुम्ही खातं उघडता, कोणत्या शब्दांवर जाहिरात दिसावी ते सांगता, कोणत्या भागात दिसावी ते सांगता, रोजचं बजेट घालता. हे सगळं कधीही बदलता येतं, दुकानातून, घरातून, लोकलमध्ये उभं राहूनसुद्धा. त्यामुळे महिनाभरानं खातं उघडलं तर तुम्हाला फक्त आजची स्थिती दिसते. बजेट ९०० आहे, एवढंच. ते काल ३०० होतं की नाही, कुणी वाढवलं, कधी वाढवलं, हे त्या पानावर दिसत नाही.

यासाठी खात्यात एक वेगळं पान असतं, ‘चेंज हिस्टरी’. मराठी माणसाला ते समजावणं सोपं आहे, कारण आपल्याकडे अशी वही शंभरेक वर्षांपासून आहे.

गावाकडे जमीन असेल तर सातबारा तुम्ही बघितलाच असेल. सातबारा आजची स्थिती सांगतो: जमीन कुणाच्या नावावर आहे, किती आहे, बोजा किती. पण ही स्थिती आली कशी, ते सांगते फेरफार नोंदवही, म्हणजे गाव नमुना ६. खरेदी झाली, वारस लागले, कर्जाचा बोजा चढला, की तलाठी तिथे नोंद घालतो. प्रत्येक नोंदीला क्रमांक असतो आणि तोच क्रमांक सातबाऱ्यावर येतो. जुनं नाव खोडून टाकत नाहीत, त्याला कंस करतात. म्हणजे आधी काय होतं तेही वाचता येतं.

जाहिरात खात्याचं मुख्य पान म्हणजे सातबारा आणि चेंज हिस्टरी म्हणजे फेरफार वही. प्रत्येक बदलाची तारीख, वेळ, कोणत्या ईमेलनं केला, आधीची किंमत काय होती आणि नंतरची काय, हे तिथे ओळीनं मिळतं. गेल्या दोन वर्षांतले बदल बघता येतात. वर आलेखही असतो, त्यामुळे क्लिक किंवा खर्च कोणत्या दिवशी हलला आणि त्या सुमारास कोणते बदल झाले, हे एकाखाली एक दिसतं. काही बदल ३० दिवसांच्या आत असतील तर तिथूनच उलटवता येतात. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिरातींना हीच सोय ‘ॲक्टिव्हिटी हिस्टरी’ नावानं आहे.

पण फेरफार वहीत दोन गोष्टी असतात ज्या इथे नाहीत. एक, बदल का झाला ते लिहिलेलं असतं: खरेदी, वारस, बोजा. दोन, नोंद घातल्यावर हितसंबंध असलेल्यांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. म्हणजे दुसरा माणूस बघतो. जाहिरात खात्यात कारणही नाही आणि दुसरा माणूसही नाही. बटण दाबलं की बदल लागू. आमच्या दुकानातला सगळा घोळ या दोन रिकाम्या जागांतून झाला.

वहीत काय निघालं

चेंज हिस्टरी उघडली आणि १ ऑक्टोबर ते ११ नोव्हेंबर अशी तारीख लावली. कामाच्या नोंदी दोनच निघाल्या.

पहिली, १३ ऑक्टोबर, रविवार, रात्री ११ वाजून ४० मिनिटं. रोजचं बजेट ३०० वरून ९०० रुपये.

दुसरी, ५ नोव्हेंबर, मंगळवार, दुपारी १२ वाजून १० मिनिटं. ११ निगेटिव्ह कीवर्ड जोडले. म्हणजे ज्या शब्दांवर जाहिरात *दिसू नये* असे शब्द: ‘जॉब’, ‘सेकंड हँड’, ‘नवीन सोफा किंमत’ वगैरे. मुलगा ज्यांना ‘फालतू शब्द’ म्हणत होता, ते हेच.

मामानं पहिल्या नोंदीवर बोट ठेवलं. "बघ! नऊशे यानंच केले."

कुणी केले हे बघायला मी ‘युजर’चा रकाना बघितला. दोन्ही नोंदींसमोर एकच ईमेल. दुकानाचं एकच खातं, एकच पासवर्ड, आणि तो मामाच्या मोबाइलवर, दुकानाच्या कॉम्प्युटरवर आणि मामीच्या टॅबवर. एका सहीनं तिघं सही करत असतील तर वही ‘कुणी’ या प्रश्नाचं उत्तर देऊच शकत नाही. ती खोटं बोलत नाही, पण उत्तरही देत नाही.

अशा वेळी आणखी एक खिडकी असते. गूगल ॲड्समध्ये छोटी स्क्रिप्ट लिहून किंवा एपीआयमधून हेच बदल जास्त तपशिलात मागवता येतात. तिथे प्रत्येक बदलासोबत तो *कशातून* केला हे येतं: वेबसाइटवरून, मोबाइल ॲपवरून, डेस्कटॉपवरच्या एडिटरमधून, ठरवून ठेवलेल्या आपोआप नियमातून, की गूगलच्या शिफारशी स्वीकारून. (शिफारशी आपोआप लागू होण्याची सोय चालू केली असेल, तर ते बदलही वेगळे ओळखू येतात. पुष्कळांना ‘मी तर काहीच केलं नव्हतं’ याचं उत्तर तिथे मिळतं.)

मात्र ही खिडकी फक्त मागच्या ३० दिवसांची असते आणि एका वेळी १०,००० ओळींपर्यंतच मिळतात. ओळींची चिंता आम्हाला नव्हती. दिवसांची होती. १३ ऑक्टोबर ते ११ नोव्हेंबर म्हणजे २९ दिवस. मामानं आणखी दोन दिवसांनी बोलावलं असतं, तर ही माहिती तिथून मिळाली नसती.

आधी खात्याचा टाइम झोन भारताचाच आहे ना ते तपासलं, कारण तो चुकीचा असेल तर रात्रीचे पावणेबारा प्रत्यक्षात दुपारही असू शकते. तो बरोबर होता. मग स्क्रिप्ट चालवली.

५ नोव्हेंबरचा बदल: वेबसाइटवरून. म्हणजे दुकानाचा कॉम्प्युटर.

१३ ऑक्टोबरचा बदल: मोबाइल ॲपवरून.

ते ॲप एकाच मोबाइलमध्ये होतं आणि तो मोबाइल मामाच्या खिशात होता. मामा थोडा वेळ गप्प बसला. मग आठवलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री जेवून झोपताना त्यानं ठरवलं होतं, दिवाळीपर्यंत जाहिरात जोरात चालू दे, दिवाळी झाली की परत कमी करू. कमी करायचं राहून गेलं.

‘नंतर’ म्हणजे ‘मुळे’ नाही

पण मामा दुकानदार आहे. त्याचा पुढचा प्रश्न रास्त होता. "ठीक आहे, बजेट मी वाढवलं. पण कॉल निम्मे झाले ते तर यानं शब्द काढल्यावरच ना?"

वही इथे संपते. वही सांगते काय बदललं आणि कधी. त्या बदलाचा परिणाम काय झाला हे वही सांगत नाही. आलेख आणि बदल एकाखाली एक दिसतात म्हणून आपला मेंदू दोघांची गाठ आपोआप मारतो. या साधनाचा सगळ्यात मोठा धोका तोच आहे, आणि माझ्या संशोधनाचा विषयही तोच.

मामाकडे एक गोष्ट होती जी मोठ्या कंपन्यांकडेही कधी कधी नसते. तो प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला विचारतो, "आमचा नंबर कुठून मिळाला?" आणि वहीत लिहितो. गूगलवरून असेल तर ‘गू’, थेट दुकानात आला तर ‘दु’. ती वही मी मागितली.

मामानं तुलना अशी केली होती: गेल्या वर्षीच्या वहीत ४ ते १० नोव्हेंबरचं पान काढलं, तिथे ‘गू’ ३७. या वर्षी त्याच तारखांना १८. म्हणून ‘निम्मे’.

तारखा त्याच, पण दिवस तेच नाहीत. २०२३ साली लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं. २०२४ साली १ नोव्हेंबरला. म्हणजे गेल्या वर्षी ४ ते १० नोव्हेंबर हा दिवाळीच्या *आधीचा* आठवडा होता, घरोघरी साफसफाई आणि पाहुण्यांच्या आधी सोफा ठीक करून घेण्याची घाई. या वर्षी त्याच तारखा भाऊबीजेच्या *नंतरच्या*. दिवाळी संपल्यावर सोफा कोण दुरुस्त करतं? आपल्याकडच्या कोणत्याही धंद्याचे आकडे इंग्रजी तारखेनं ताडून बघितले तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फसगत ठरलेली. गणपती, दसरा, दिवाळी, लग्नाच्या तिथी यांच्या मागेपुढे किती दिवस, असं मोजायला हवं.

मग बरोबर तुलना कोणती? मी याच वर्षाचे दोन आठवडे घेतले, दिवाळीच्या आधीचा २१ ते २७ ऑक्टोबर आणि नंतरचा ४ ते १० नोव्हेंबर. दोन्ही सोमवार ते रविवार, म्हणजे वारांचा फरक नको. आणि दोन्हींत ‘गू’ आणि ‘दु’ वेगळे मोजले.

दिवाळीआधी: गूगलवरून ४०, थेट दुकानात ३०.
दिवाळीनंतर: गूगलवरून १८, थेट दुकानात १४.

आता विचार करा. जो माणूस विठ्ठलवाडी स्टेशनवरून येताना पाटी बघून दुकानात शिरतो, त्याला मुलानं कोणते शब्द काढले याच्याशी काही देणंघेणं नाही. तरी तीही संख्या ३० वरून १४ वर आली. म्हणजे बाजारच तेवढा खाली आला. जाहिरातीत काहीही बदललं नसतं तरी ४० चे किती झाले असते? ४० गुणिले १४ भागिले ३०, म्हणजे साधारण १९. प्रत्यक्षात झाले १८.

या युक्तीला आमच्या भाषेत ‘फरकांतला फरक’ म्हणतात. ज्याच्यावर बदलाचा परिणाम होऊ शकत नाही असा एक सोबती शोधायचा, आणि दोघांची चाल ताडून बघायची. गूगलच्याच संशोधकांनी २०१५ साली ‘कॉजल इम्पॅक्ट’ नावाची पद्धत प्रसिद्ध केली, तिचा गाभाही असाच आहे: सोबत्यांच्या आकड्यांवरून ‘बदल झाला नसता तर काय झालं असतं’ याचा अंदाज बांधायचा आणि प्रत्यक्षातून तो वजा करायचा. त्यांचं गणित बरंच पुढचं आहे, पण मामाच्या वहीवर तोंडी हिशेबही पुरला.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आकडे लहान आहेत. आठवड्याला १८ कॉल येत असतील तर नुसत्या योगायोगानं ते १४ किंवा २२ होणं अगदी नेहमीचं आहे. त्यामुळे मुलाच्या बदलानं फायदा झाला असं मी म्हणू शकत नाही. थोडं नुकसान झालंच नाही असंही छातीठोक म्हणू शकत नाही. एवढंच म्हणू शकते की निम्म्यानं पडझड झाली ती त्याच्यामुळे, याला या आकड्यांत काहीच आधार नाही. आणि एखाद्याला कामावरून काढायला तेवढा तरी आधार हवा.

मग पैसे गेले कुठे?

कॉल कमी झाले ते दिवाळी संपल्यामुळे. पण मामाची दुसरी तक्रार खरी होती, पैसे तेवढेच जात होते.

७ ते १३ ऑक्टोबर: खर्च २,१०० रुपये, कॉल २०. एका कॉलमागे १०५ रुपये.
२१ ते २७ ऑक्टोबर: खर्च ६,२००, कॉल ४०. एका कॉलमागे १५५.
४ ते १० नोव्हेंबर: खर्च ६,०००, कॉल १८. एका कॉलमागे ३३३.

गिऱ्हाइकं कमी झाली तर खर्चही आपोआप कमी व्हायला नको का? पुष्कळांना असंच वाटतं, की बजेट म्हणजे वरची मर्यादा, लागेल तेवढंच जाईल. पण मामाच्या खात्यात बोली लावायची पद्धत ‘जास्तीत जास्त क्लिक’ अशी होती. ही पद्धत दिलेल्या बजेटमध्ये शक्य तितके क्लिक मिळवायला बोली स्वतःच वरखाली करते. शोधणारे कमी झाले आणि पैसे शिल्लक दिसले, की ती उरलेल्या लोकांसाठी जास्त बोली लावू शकते, कमी कामाच्या शोधांवरही जाहिरात दाखवू शकते. या पद्धतीत ९०० हा आकडा मर्यादेपेक्षा जास्त हुकूमच असतो: एवढे खर्च कर.

अजून एक. गूगल ॲड्समध्ये रोजचं बजेट हे ‘सरासरी’ असतं. एखाद्या दिवशी त्याच्या दुपटीपर्यंत खर्च होऊ शकतो, पण महिन्याला ३०.४ पटीच्या वर बिल लागत नाही. म्हणजे ३०० चे महिन्याला ९,१२० रुपये आणि ९०० चे २७,३६०. रात्री झोपताना एका बोटानं केलेला बदल महिन्याला अठरा हजारांच्या पुढचा असतो.

बिघाड नेमका कधी सुरू झाला हे बघायला मी एक जुनी पद्धत लावली. १९२४ साली वॉल्टर शूहार्ट या अमेरिकी संशोधकानं कारखान्यातल्या मालासाठी ‘नियंत्रण आलेख’ मांडला: रोजची थोडी हालचाल नेहमीचीच असते, रेषेबाहेर गेली तरच लक्ष द्या. १९५४ साली इंग्लंडच्या ई. एस. पेज यांनी त्यात सुधारणा केली. नेहमीच्या आकड्यापासून आज किती फरक पडला तो रोज गल्ल्यात टाकत जायचा. कधी जास्त, कधी कमी असेल तर गल्ला भरत नाही. पण रोज थोडं थोडं एकाच बाजूला जात असेल तर गल्ला भरत जातो आणि कुठून भरायला लागला तेही कळतं.

एका कॉलमागचा खर्च या गल्ल्यात टाकला. भरायला सुरुवात झाली २९ ऑक्टोबरच्या आसपास, म्हणजे धनत्रयोदशीला. मुलानं शब्द काढले ५ नोव्हेंबरला, आठवड्यानंतर. कारण परिणामाच्या नंतर येऊ शकत नाही. हे सांगायला पीएचडी लागत नाही, फक्त दोन्ही तारखा शेजारी शेजारी लिहाव्या लागतात.

तुमच्या दुकानात काय करता येईल

आपल्या उल्हासनगरात छोटा धंदा करणारे पुष्कळ आता ऑनलाइन जाहिरात देतात. कुणी स्वतः बघतं, कुणी पुतण्याकडे सोपवतं, कुणी बाहेरच्या एजन्सीकडे. कुणीही बघत असो, एवढ्या गोष्टी आजच करता येतात, आणि सगळ्या फुकट आहेत.

पहिली: प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या ईमेलनं प्रवेश द्या. गूगल ॲड्समध्ये त्यासाठी वेगवेगळे दर्जे आहेत. कुणाला सगळे अधिकार, कुणाला बदल करण्याचे, कुणाला फक्त बघण्याचे, कुणाला फक्त बिलाचे. पासवर्ड वाटून घेतला की ‘युजर’चा रकाना मेला. आणि त्याचा तोटा नेहमी सगळ्यात लहान माणसाला होतो, कारण संशय आधी त्याच्यावर जातो.

दुसरी: मालकी स्वतःकडे ठेवा. खातं एजन्सीनं उघडलं आणि तुम्हाला आत शिरताच येत नसेल, तर वही असूनही तुमच्या हातात नाही. फक्त बघण्याचा प्रवेश तरी मागून घ्या.

तिसरी: ‘का’ लिहून ठेवा. वहीत कारणाचा रकाना नाही, तो आपण बनवायचा. साधी डायरी चालेल: "१३ ऑक्टोबर, बजेट ९००, दिवाळीपर्यंत, ४ नोव्हेंबरला परत ३००." मामानं एवढी एक ओळ लिहिली असती आणि मोबाइलमध्ये ४ तारखेचा गजर लावला असता, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

चौथी: एका वेळी एकच मोठा बदल करा आणि मग थांबा. बजेट, बोली आणि शब्द एकाच दिवशी बदलले तर नंतर कुणामुळे काय झालं ते कुठलंही गणित सुटं करू शकत नाही. आपोआप बोली लावणाऱ्या पद्धतींना नव्या स्थितीत स्थिरावायलाही काही दिवस लागतात, दुसऱ्या दिवशीचा आकडा बघून परत बदलू नका.

पाचवी: महिन्यातून एकदा बदलांची यादी उतरवून ठेवा. बदल कशातून झाला हा तपशील ३० दिवसांनी तिथून मिळत नाही, आणि भांडण नेहमी महिना संपल्यावर, बिल आल्यावर होतं.

सहावी: एक सोबती मोजत राहा. थेट दुकानात येणारे, जुनी गिऱ्हाइकं, काहीही. जाहिरातीचा संबंध नसलेला एक आकडा वहीत असेल तर बाजार पडला की जाहिरात बिघडली, हे ओळखता येतं.

हे फक्त जाहिरातीपुरतं नाही. १ एप्रिल २०२३ पासून आपल्या देशात कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं आणि ती बंद करता न येणं हा नियम आहे. टॅलीमध्ये ‘एडिट लॉग’ आला तो त्यासाठीच. मामाचं दुकान कंपनी नाही, त्याला तो नियम लागू नाही. पण नियमामागचं शहाणपण लागू आहे. जिथे पैसा आहे आणि एकापेक्षा जास्त हात आहेत, तिथे आजची शिल्लक पुरत नाही, ती कशी झाली तेही लिहिलेलं हवं.

आणि नोंद ठेवायची ती कुणाला पकडायला नाही. ज्यानं केलं नाही त्याला ते सिद्ध करता यावं म्हणून. पायरीवर बसलेल्या त्या मुलाकडे स्वतःच्या बाजूनं बोलायला दुसरं काहीच नव्हतं. वयानं लहान, पगार मालकाच्या हातात, आणि समोर मालकाची खात्री.

त्या रात्री मामानं बजेट ३०० वर आणलं. या वेळी मी डायरीत कारण लिहायला लावलं. मग तो बाहेर गेला. माफी वगैरे मागितली नाही, मामाचा तो स्वभाव नाही. म्हणाला, "चहा घे. आणि तुझा ईमेल सांग हिला, तुझ्या नावाचं खातं करते ती. उद्या दहाला ये."

मुलानं चहा घेतला आणि ईमेल सांगितला. दुसऱ्या दिवशी चेंज हिस्टरीत पहिल्यांदाच एक नवं नाव दिसलं. सकाळी १० वाजून २० मिनिटं, दोन निगेटिव्ह कीवर्ड जोडले.